शब्दाला आठ पेन्स

इंग्लंडमध्ये मला माझ्या लिहिण्याचा दर पहिल्यांदा विचारला गेला, तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. फोनवर एका छोट्या एजन्सीचा मालक होता. दातांचे दवाखाने, घरं भाड्याने देणाऱ्या कंपन्या, सोफे विकणारी दुकानं अशांच्या वेबसाइटसाठी तो इंग्रजी मजकूर लिहून घ्यायचा. मी पाठवलेले दोन नमुने त्याला आवडले होते.

"छान लिहिता," तो म्हणाला. "शब्दाला किती घेता?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मी पुण्यात अकरा वर्षं एका साप्ताहिकाच्या संपादकीय विभागात काम केलं होतं. तिथे लेखकाला पैसे देत नसत, मानधन देत. दिवाळी अंक निघाला की मानधनाची पाकिटं माझ्याच हातून जायची. पाकिटात किती आहे हे लेखकाने आधी विचारायचं नाही आणि आम्ही सांगायचं नाही, अशी रीत होती. एकदा एका लेखकाने फोन करून सरळ विचारलं होतं, "किती देणार?" तर फोन ठेवल्यावर दोन चहा होईपर्यंत आमच्याकडे त्याचाच विषय चालला होता. त्यात मीही होते. लिहिणाऱ्याने असं विचारावं म्हणजे काय, असं मीसुद्धा म्हटलं होतं.

आता तोच प्रश्न उलट बाजूने माझ्याकडे आला होता.

"दोन पेन्स," मी म्हणाले. कुठून आला हा आकडा, आजही सांगता येणार नाही. तोंडातून निघालेला सगळ्यात छोटा आकडा होता, एवढंच. त्याच्या खालचा एक होता, आणि तो उच्चारायची मला लाज वाटली असावी.

"चालेल," तो लगेच म्हणाला. इतक्या लगेच, की माझी पुढची शिट्टी मोजायची राहिली.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही लंडनजवळच्या रीडिंग गावाला आलो होतो. मोटरवेच्या कडेला जी काचेची ऑफिसं आहेत, त्यांतल्या एका ठिकाणी तो सॉफ्टवेअरचं काम करतो. मला त्याच्या व्हिसावर काम करायची परवानगी होती, पण काम मिळत नव्हतं. अर्ज केले की उत्तर यायचं, इथला अनुभव हवा. वर्षभर ते ऐकल्यावर दोन पेन्ससुद्धा मला बक्षिसासारखे वाटले. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर त्याने जेवायच्या आधी लॅपटॉप उघडला. मला तासाला किती शब्द होतात, वाचायला किती वेळ जातो, सुधारणा किती वेळा होतात, असं सगळं विचारून त्याने तक्ता केला आणि म्हणाला, "तुला माहितीये का, तू सुपरमार्केटमधल्या माणसापेक्षा कमी मिळवणार आहेस?"

"सुपरमार्केटवाल्यांनी मला तरी कुठे बोलावलंय?" मी म्हणाले. त्याने तक्ता मिटला.

सव्वा वर्ष मी दोन पेन्सवर लिहिलं. त्या एजन्सीबद्दल माझी तक्रार नाही. पैसे वेळेवर यायचे, आणि घरी बसल्याबसल्या माझं इंग्रजी इथल्या वळणावर आलं ते त्याच कामामुळे. पण एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात यायला लागली. माझी वाक्यं फुगत चालली होती. दर शब्दावर असला आणि तो कमी असला, की हात आपोआप लांबवायला शिकतो. दात स्वच्छ ठेवा, एवढंच सांगायचं असायचं. मी आधी दातांचं महत्त्व सांगायची, मग स्वच्छतेचं, मग दोन्हींचा एकमेकांशी असलेला संबंध. पुण्यात दुसऱ्यांच्या लेखांतले फालतू शब्द काढून टाकणं हेच माझं काम होतं. तीच मी आता फालतू शब्दांवर घर चालवायला हातभार लावत होते. याबद्दल मी कुणाशी बोलले नाही. बोलण्यासारखं काही आहे असंही वाटलं नाही.

मग भाषांतराचं एक काम आलं. हॉस्पिटलांची माहितीपत्रकं वेगवेगळ्या भाषांत करून देणारी एक लहान कंपनी होती, तिला मराठी येणारी व्यक्ती हवी होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दलचं पत्रक होतं. ऑपरेशनच्या आधी काय खायचं, नंतर डोळ्यात थेंब कसे घालायचे, गाडी कधी चालवायची. मी ईमेलने दर कळवला, तीन पेन्स. एका पेनीची उडी मारली म्हणून दिवसभर मला धाकधूक होती. त्यामुळे आकड्याखाली मी आणखी तीन ओळी लिहिल्या. दर जास्त वाटला तर जरूर सांगा, मी नवीन आहे, कमीजास्त करता येईल, वगैरे.

काम मिळालं. मी ते फार मन लावून केलं. आपली एखादी मावशी किंवा काकू डोळ्याला पट्टी बांधून घरी आलीय आणि मुलगा ऑफिसला गेल्यावर एकटीच हे वाचतेय, असं समोर ठेवून प्रत्येक वाक्य लिहिलं. काम पाठवलं, इन्व्हॉइस पाठवला, आणि दोन दिवसांनी फोन आला.

त्या कंपनीत कामं वाटून देणारी बाई बोलत होती. आवाजावरून साठीच्या आसपासची, उत्तर इंग्लंडकडची, शब्द जरा आखडून बोलणारी. मला वाटलं, चूक निघाली.

"तुमचा इन्व्हॉइस समोर आहे," ती म्हणाली. "आमचं पत्रक बाराशे शब्दांचं आहे. तुम्ही साडेआठशेचे पैसे लावलेत. बाकीचे शब्द कुठे गेले?"

"गेले नाहीत," मी घाईघाईने म्हणाले. "सगळं केलंय. मराठीत तेवढेच होतात."

"का?"

मग मी तिला समजावून सांगितलं. आमच्या भाषेत विभक्तीचे प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं सगळी शब्दाला चिकटतात. 'ऑपरेशननंतरसुद्धा' हा आमचा एक शब्द. इंग्रजीत त्याचे चार होतात. 'डॉक्टरांकडूनच' एक, त्याचेही तसेच. मी फोनवर तिला आठ-दहा उदाहरणं दिली. ती मध्येच थांबवून "तो परत म्हणा" म्हणायची आणि स्वतः म्हणून बघायची. 'ऑपरेशननंतरसुद्धा' म्हणणं तिला काही जमलं नाही, पण आम्ही दोघी हसलो.

मग तिचा आवाज कामाचा झाला. "नीट ऐका. पैसे मराठी शब्दांवर लावायचे नाहीत. मूळ इंग्रजी शब्दांवर लावायचे. आमच्याकडे सगळे तसंच करतात. तुमची भाषा आटोपशीर आहे म्हणून तुम्ही कमी पैसे घ्यायचे, हे कुठलं? इन्व्हॉइस बदलून पाठवा."

मी थँक यू म्हणाले. ती फोन ठेवेल असं वाटलं, पण तिने ठेवला नाही.

"आणखी एक. दुसरे किती घेतात ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. पण तुमचा पहिला ईमेल वाचला तेव्हा मला वाटलं, टाइप करताना आकडा चुकलाय. आठच्या जागी तीन पडलाय."

मी लॅपटॉपवर तो ईमेल उघडला.

"पुढचं पत्रक शुक्रवारी येईल," ती म्हणाली. "तेव्हा नवीन दर पाठवा. फक्त आकडा पाठवा, आणि त्याच्याखाली काहीही लिहू नका. तुमच्या ईमेलमध्ये एक ओळ दराची होती आणि तीन माफीच्या."

तो फोन झाला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले असतील. मी खुर्चीत बसून राहिले. मला आनंद झाला होता आणि लाजही वाटत होती, आणि दोन्हींतलं जास्त काय ते ठरत नव्हतं. त्या बाईला यातून काही मिळणार नव्हतं. उलट, माझ्या अडाणीपणामुळे तिच्या कंपनीचे पैसे वाचत होते. ती गप्प बसली असती तर मला जन्मात कळलं नसतं. तिला मी कधी पाहिलं नाही. दोन वर्षांनी ती निवृत्त झाली, तेव्हा मी तिला कार्ड पाठवलं आणि तिचं दोन ओळींचं उत्तर आलं. पण मी ज्यांची देणेकरी आहे त्यांत तिचा नंबर फार वर आहे.

शुक्रवारी मी ईमेल लिहिला. आठ पेन्स, मूळ शब्दांवर. त्याच्याखाली एक वाक्य लिहिलं, खोडलं. दुसरं लिहिलं, खोडलं. शेवटी नाव लिहून पाठवून दिला आणि कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेले. परत आले तर उत्तर येऊन पडलं होतं: "ठीक. पत्रक सोबत जोडलंय."

अंगात जरा बळ आलं म्हणून मी एजन्सीच्या मालकालाही लिहिलं. पुढच्या महिन्यापासून माझा दर सहा पेन्स राहील. त्याचा फोन आला. तो चिडला नाही. शांतपणे म्हणाला, "तुम्ही सहा मागताय ते चूक नाही. पण दोनवर लिहिणारे मला खूप मिळतात." आणि मला शुभेच्छा देऊन त्याने काम बंद केलं.

हे मी आधी धरलं नव्हतं. पत्रकांचं काम महिन्या-दीड महिन्याने एखादं यायचं. एजन्सीचं रोजचं होतं. रोजचं गेलं आणि दुपारी रिकाम्या झाल्या. मी कालव्याच्या काठाने लांब लांब चालून यायची आणि चालताना त्याला माफीचा ईमेल मनातल्या मनात लिहायची. चार पेन्सवर येऊ का? तीन? दोनच राहू द्या. नवरा म्हणाला, "लिहायचं तर लिही, पण आठवडाभर थांब." आठवडा झाला की तो परत म्हणायचा, "अजून एक आठवडा." असे सात-आठ आठवडे त्याने मला थांबवून धरलं. त्या काळात त्याने तक्ता एकदाही उघडला नाही.

लंडनच्या हॅरो भागातल्या एका हॉलमध्ये काही मराठी मंडळी तीन महिन्यांतून एकदा पुस्तकांची अदलाबदल करतात. आपली वाचून झालेली आणायची, दुसऱ्यांची न्यायची. त्या वेळी मी गेले ती पुस्तकांसाठी कमी आणि घराबाहेर पडायचं म्हणून जास्त. तिथे सत्तरी ओलांडलेल्या एक बाई भेटल्या. दोन पिशव्या भरून पुस्तकं घेऊन आल्या होत्या आणि एकही परत न्यायला तयार नव्हत्या. "घरात आता जागा नाही," म्हणाल्या. "आणि आमच्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही. बोलतात, तेही आपलं असं तसं." मग त्यांनी विचारलं, "तू काय करतेस?"

"भाषांतर," मी म्हणाले.

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "मराठीचं इंग्रजी?"

"उलटं जास्त. पण तेही येतं."

"मग आमच्या यांना फोन कर," त्या म्हणाल्या. "त्यांनी तीन वह्या लिहून ठेवल्यात. कपाटात बसल्यात नुसत्या."

'हे' म्हणजे एक निवृत्त डॉक्टर. नागपूरहून तरुणपणी इथे आलेले, काही वर्षं हॉस्पिटलांत काढून मग जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, झालेले, आता स्टॅनमोरला राहणारे. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले. रीडिंगहून बॉन्ड स्ट्रीट, तिथून भुयारी रेल्वेच्या ज्युबिली लाइनने थेट शेवटचं स्टेशन. चहा येईपर्यंत ते मला अहो-जाहो करत होते. काकूंनी चहाबरोबर चिवडा ठेवला आणि तेव्हापासून मी 'तू' झाले.

वह्या त्यांनी टेबलावर मांडल्या. निळ्या शाईत, सरळ रेषेत, एकसारखं अक्षर. डॉक्टरांचं अक्षर असं असतं यावर माझा विश्वास बसेना. लहानपण, मेडिकल कॉलेज, इथली पहिली वर्षं असं सगळं होतं. नातवंडांना वाचता यावं म्हणून इंग्रजीत हवं होतं.

"तर मग," ते म्हणाले, "शब्दाला किती घेणार?"

मला दर माहीत होता. आठ. महिनोन्महिने मी तो पाठ केला होता. पण समोर वडिलांच्या वयाचा माणूस बसलेला, त्यांच्या घरचा चिवडा माझ्या हातात, आणि काकू मला आणखी चहा ओतत होत्या. तोंडातून निघालं ते असं: "काका, तुम्हाला योग्य वाटेल ते द्या."

त्यांनी चष्मा काढला. "हे बोलू नकोस," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मी बशी खाली ठेवली.

"मी हेच बोललो होतो. अगदी हेच. जीपीचं काम नव्याने करत होतो तेव्हा बदली डॉक्टर म्हणून जायचो. कुणी रजेवर गेलं की त्याच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, जाऊन पेशंट बघायचे. एका गावातल्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, दिवसाचे किती घेणार? मी म्हणालो, सर, तुम्हाला योग्य वाटेल ते. त्यांनी दिले. मी घेतले. चांगला माणूस होता, मी त्यांना दोष देत नाही. त्यांना योग्य वाटलं तेवढे त्यांनी दिले."

"कमी दिले?"

"इतरांच्या निम्मे. ते मला नंतर कळलं. पण ते सांगत नाहीये मी." त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान खाली घातली. गोष्ट त्यांना माहीत होती. "दोन-तीन वर्षांनी आमच्याच कॉलेजचा एक मुलगा त्या सर्जरीत गेला. माझ्यामागे तीन वर्षं होता. लग्न झालेलं, दोन लहान मुलं. त्याला सांगण्यात आलं, आधीचे तुमच्याकडचे डॉक्टर एवढ्या पैशांत यायचे. त्याने तेवढेच घेतले. करतो काय? मला वाटलं होतं, मी नम्रपणाने वागलो. त्या नम्रपणाचा भुर्दंड त्याला पडला."

"तो तुम्हाला बोलला?"

"कधीच नाही. दुसऱ्याकडून कळलं. तो आता नाही." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "आता सांग. शब्दाला किती?"

"आठ पेन्स," मी म्हणाले.

"बरं." त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. मग एक पान उघडून बोटाने शब्द मोजायला लागले. "म्हणजे या पानाचे..."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इथे सगळं उलटं होतं. मूळ मराठी होतं. मूळ शब्दांवर दर लावला तर पुन्हा मीच तोट्यात जाणार होते. मी त्यांना ते सांगितलं. मराठीचा एक शब्द इंग्रजीत जाऊन तीन होतो, तेव्हा मोजायचे तर इंग्रजी मोजावे लागतील. आणि सांगता सांगता मला माझी सव्वा वर्षाची सवय आठवली. ती लपवून ठेवावी असं काही केल्या वाटेना. त्यांनी आत्ताच मला स्वतःची एवढी आतली गोष्ट सांगितली होती.

"पण काका, इंग्रजीवर मोजलं तर मला लांबवायचा मोह होईल. आधी झालेला आहे."

ते मोठ्याने हसले. कप ठेवायला आत गेलेल्या काकू बघायला आल्या, काय झालं म्हणून. "ही चोरीच्या आधीच पोलिसात आलीय," त्यांनी काकूंना सांगितलं. मग मला म्हणाले, "इंग्रजीचेच मोज. लांबवलंस तर मला कळेल. चाळीस वर्षं पेशंटच्या फाइलींत नोंदी लिहिल्यात मी. जास्तीचा शब्द मला सुजेसारखा दिसतो."

आणि खरंच दिसायचा. जवळपास आठ महिने मी पंधरा दिवसांतून एकदा मंगळवारी स्टॅनमोरला जात होते. केलेली पानं त्यांच्यापुढे ठेवायची आणि ते पेन्सिल घेऊन बसायचे. पहिल्याच पानावर त्यांनी अकरा शब्द खोडले. "अतिशय उंच झाड. झाड उंच होतं, एवढं मी लिहिलंय. अतिशय कुठून आलं?" दुसऱ्या पानावर नऊ. मला राग यायचा. मनात यायचं, यांनी माझे अठ्ठ्याऐंशी पेन्स खोडले. घरी येताना ट्रेनमध्ये ते पान परत वाचायची आणि कबूल करायची, की पान आता चांगलं झालंय. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून खोडण्यासारखं त्यांना कमी सापडायला लागलं. एका मंगळवारी पूर्ण प्रकरण वाचून त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. काकूंना म्हणाले, "आज हिला जेवल्याशिवाय सोडू नकोस." पुण्याला अकरा वर्षांत संपादकांनी केलेली स्तुती मला इतकी आठवत नाही, जितकी ती पेन्सिल खाली ठेवलेली आठवते.

एकदा त्यांनी विचारलं होतं, "मी खोडलेल्या शब्दांचे पैसे लावतेस ना?"

"नाही."

"का? कष्ट तर घेतलेस."

"ते तिथे नकोच होते, काका."

त्यांनी वाद घातला नाही. पण शेवटच्या चेकमध्ये थोडी रक्कम जास्त निघाली, आणि मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ट्रेनचं भाडं. तू ते कधी लावलंच नाहीस." मी ते घेतलं. त्यांच्याकडूनच शिकले होते घ्यायला.

मधल्या काळात बाकीची कामंही आली. पत्रकांचं काम वाढलं. काकूंच्या ओळखीतल्या दोघातिघांनी आपापल्या आईवडिलांची पत्रं, टिपणं माझ्याकडे आणली. त्यांनी दर विचारला की मी आकडा सांगून गप्प बसत असे. ती पहिली दोन-तीन सेकंदं अजूनही मला जड जातात. समोरचा काहीच बोलत नाही, आणि मधली जागा भरून काढायला जीभ वळवळते. पण थांबलं की पुढे बहुतेक वेळा "बरं" येतं. कधी "नाही, जमणार नाही" येतं, तेही आता चालतं. नवीन आलेल्या मुली कधी कधी फोन करून विचारतात, "तुम्ही किती घेता हो?" मी सरळ सांगते, कुठलं काम किती, कशावर मोजायचं, सगळं. एकीने संकोचून म्हटलं, "असं विचारणं बरं नाही, पण..." मी म्हटलं, विचार गं. पुण्यातल्या त्या लेखकाचं नाव मला आता आठवत नाही, नाहीतर मी त्यांनाही फोन केला असता.

डॉक्टरांच्या वह्यांचं छोटं पुस्तक झालं. हॅरोतल्या एका छापखान्यातून त्यांनी साठ प्रती काढून घेतल्या, घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी. एका रविवारी दुपारी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. मुलगा, सून, मुलगी, जावई, चार नातवंडं, शिवाय काही जुने डॉक्टर मित्र काठ्या टेकत आले होते. नवरा आणि मीही गेलो. आतल्या पानावर 'भाषांतर' या शब्दापुढे माझं नाव होतं. नवऱ्याने तिथल्या तिथे त्याचा फोटो काढून माझ्या आईला पाठवला.

सगळ्यात मोठी नात विद्यापीठात शिकणारी. ती सोफ्याच्या कोपऱ्यात पाय वर घेऊन पुस्तक घेऊन बसली, ती जेवायला हाक मारली तरी उठेना. काकू ताट तिथेच घेऊन गेल्या. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली आणि भरल्या खोलीत आजोबांना मराठीत विचारलं, "आजोबा, तुमचा सायकल खरंच चोरी झाला? परीक्षाच्या दिवशी?"

खोलीतले म्हातारे हसायला लागले. सून पटकन म्हणाली, "तुमची सायकल, तुमची." पण डॉक्टरांनी हात वर करून तिला थांबवलं.

"हो, झाला ना," ते नातीला म्हणाले. "ये इकडे. पुस्तकात लिहिलंय ते अर्धंच आहे. कुणी चोरला ते मी लिहिलं नाही, कारण तो इथे आलाय जेवायला."

एक काठीवाले काका खुर्चीतून उठायचा प्रयत्न करत ओरडले, "चोरला नव्हता, नेला होता!" मग सगळेच एकदम बोलायला लागले, अर्धे मराठीत, अर्धे इंग्रजीत. नात पुस्तक हातात घेऊन दोघांच्या मध्ये जमिनीवर बसली आणि एकाला, मग दुसऱ्याला प्रश्न विचारत राहिली. तिचे 'तो' आणि 'ती' सगळे चुकत होते. कुणी सुधारले नाहीत.

काकू माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात रिकामी वाटी होती. "ही मुलगी यांच्याशी इतकं कधी बोलली नव्हती गं," त्या हळू म्हणाल्या. मी त्यांच्या हातातली वाटी घेतली आणि श्रीखंड आणायला आत गेले.